दगडूच्या नावाची सव्वा मूठ

प्रिय आत्याबाई,

सासूला पत्र लिहिणारी सून दोंडाईच्यात मी पहिलीच असेन, आणि तेही सासू जाऊन पाच महिने झाल्यावर! तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहीत जाते तशी ओळ न् ओळ मोठ्यानं म्हणते आहे. मामंजी ओट्यावर सुपारी कातरत बसलेत. ऐकत नसल्यासारखं दाखवतात, पण अडकित्ता मघापासून थांबलेला आहे.

उद्या आपल्या घरी कानबाई देवी बसणार. तुमच्या माघारी तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू आज सकाळी पहिल्यांदाच मी मापले. मापताना जे झालं ते घरात सगळ्यांना सांगून झालं, शेजारी सांगून झालं, आणि मग लक्षात आलं की जिला सांगायला हवं ती एकटीच राहिली. म्हणून माझी शाळेतली दौत शोधली, वाळलेल्या शाईत पाणी घातलं आणि बसले. अक्षर फिकं आलं तर रागावू नका.

तुम्ही मला कधी गोष्ट मधून सांगू दिली नाहीत. "पहिलेपाइन सांग, मास्तरीन," म्हणायचात. पारोळ्याला चार इयत्ता शिकलेली सून, म्हणून मी मास्तरीण! तर पहिल्यापासूनच सांगते. आणि पहिल्यापासून सांगायचं तर आधी माझं भांडण आहे.

तुम्ही मला फसवलंत, आत्याबाई! लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी विचारलं होतं, मुलाला काही व्यसन वगैरे? तुम्ही पापणीही न हलवता म्हणालात, "पोट दुखस त्यानं. सांजले काढा लेस." वडिलांनी विचारलं, कशाचा? तुम्ही म्हणालात, "मोहाना." बिचाऱ्या माझ्या वडिलांना वाटलं, मोहाच्या फुलांचं काही औषध असेल. घरी येऊन आईला म्हणाले, मुलाची प्रकृती जरा नाजूक आहे, पण माणसं खरं बोलणारी आहेत. आणि खोटं तरी काय बोललात तुम्ही? मोहाचंच होतं ते!

लग्नाला आठ दिवस झाले आणि मला त्या काढ्याचा वास कळला. तेव्हा पारोळ्याला परत जायचं म्हणून मी गाठोडंसुद्धा बांधलं होतं. का नाही गेले? एक तर तुमचा लेक शुद्धीवर असला म्हणजे त्याच्यासारखा माणूस नाही. आणि दुसरं कारण तुमच्या पाटल्या. लग्नात तुम्ही स्वतःच्या हातातल्या काढून माझ्या हातात चढवल्यात आणि त्या अशा बसल्या की जणू सोनारानं माझंच माप घेतलं होतं. "हिना हात मनाच शे," हिचा हात म्हणजे माझाच हात, असं तुम्ही आल्यागेल्या बाईला सांगत सुटलात. गाठोडं बांधताना त्या पाटल्या काढायला गेले तर निघेनात. साबण लावला असता तर निघाल्या असत्या म्हणा. पण मी साबण आणायला उठले नाही.

तुमचा लेक गाडीवान. शेतावरची मिरची, कपाशी स्टेशनात पोचवायची आणि परतीच्या वाटेवर गुत्त्यावर थांबायचं. इतकी वर्षं थांबला की शेवटी कासरा ओढायचीही गरज राहिली नाही. गुत्ता आला की बैल आपोआप उभे राहायचे. एकदा मामंजी गाडी घेऊन गेले होते, तर बैलांनी त्यांनाही तिथे उभं केलं. माळकरी माणूस! गुत्त्यापुढे गाडी, गाडीत मामंजी, आणि समोरून अख्खी भावकी लग्नाहून परतते आहे. मामंजी, हसू नका, तुमच्यावरच आलं आहे.

काय काय करून पाहिलं आपण दोघींनी! सातपुड्याच्या पायथ्याच्या भगतानं मुळी दिली. ती तुमच्या लेकानं दारूतच उगाळून घेतली. देवापुढे शपथ घ्यायला लावली. तीन दिवस टिकली. पांढऱ्या टोपीवाले गुत्त्यापुढे हात जोडून उभे राहायचे, येणाऱ्याला विनवायचे. तुमचा लेक त्यांच्याही पाया पडला आणि मागच्या दारानं आत गेला. शपथा मोडायचा त्याला इतका सराव झाला की पुढे पुढे शपथ घेतानाच तोंड पडायचं. बाई गं, मला त्या पडलेल्या तोंडाचीच जास्त दया यायची.

आणि मग दोन वर्षांमागची ती कानबाई.

आपल्या घरची रीत, रोटाच्या गव्हात घरातल्या एकेका जित्या पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ टाकायची. एक भरलेली मूठ आणि वर चार बोटांची चिमूट. मामंजींची, भाऊजींची, तुमच्या लेकाची, आणि आमच्या मुलाची, श्रीपतची. घरातली मोठी बाईच मूठ टाकणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तुम्ही सुपात गहू निवडून ठेवले होते. भाऊबंदांच्या बायका जमल्या होत्या. एवढ्यात तुमचे चिरंजीव भरदुपारी झोकांड्या खात आले आणि त्यांचा पाय थेट सुपात पडला. रोटाचे गहू अंगणभर झाले!

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणालात, "रोट जित्या मानसाना ऱ्हास. हाऊ मनाकरता मरी गया. याना नावनी मूठ पडाव नही."

बायकांनी तोंडाला पदर लावले. कारण त्याच्या आधीची तुमची तीन बाळं गेली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. हा तरी जगावा, काळाची नजर पडू नये, म्हणून तुम्ही त्याचं नाव दगडू ठेवलंत. आणि त्याच दगडूला तुम्ही चार बायकांपुढे मेला म्हणालात! तो तिथेच खाली बसला. त्याची सगळी उतरली असावी, कारण तो एक एक करून गहू वेचायला लागला. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे." नवे गहू घेतलेत, सगळ्यांकडे पाठ करून, पदराआड मुठी टाकल्यात, आणि तो लहानसा पितळी गडू माझ्यापुढे जात्याजवळ ठेवलात.

मी दळलं. पण मनात काय होतं तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं, "तुम्ही आई आहात की वैरीण?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, आणि बोलायला लागले तेव्हाही ते मनातून गेलं नव्हतं. खरं सांगते, आज सकाळपर्यंत गेलं नव्हतं.

आता मिरचीचं सांगते. मामंजी, सुपारी कातरा, हे तुम्हाला पाठ आहे.

त्याच वर्षी पौषात, एका संध्याकाळी, दिवेलागणीला तुमचा लेक दारात उभा राहिला. डोळे लालभडक, नाकातून पाणी, धड उभं राहवत नाही. हात पुढे करून म्हणाला, "माय, हातवर पानी टाक वं!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे. "पीसन उना," तुम्ही म्हणालात, आणि पिऊनच आलाय असं मलाही वाटलं. आणि कडी मी लावली. हो, कडी मीच लावली! तुम्ही नुसतं म्हणालात, लावली मी. बाहेरून तो सांगत होता, "आग पडी ऱ्हायनी वं!" आपण आतून म्हणत होतो, पडू दे.

शेवटी त्यानं बैलांच्या हौदात हात बुडवले. थोड्या वेळानं आपल्याला काय ऐकू आलं? बैल शिंकताहेत! एक, मग दुसरा, मग तिसरी शिंक माणसाची. तुम्ही कान लावलात. कडी काढलीत, त्याच्याजवळ गेलात, त्याचं तोंड धरून हुंगलंत, केसापासून हनुवटीपर्यंत हुंगलंत, आणि कपाळाला हात लावून म्हणालात, "माय वं! दारूना नही, मिरचीना वास येस!"

तो म्हणाला, "मिरच्या खुडाले गयथू."

आपल्याला पटलं का? छे! गाडीवान बाप्या संध्याकाळी बायकांसारखा मिरच्यांची देठं खुडत बसला होता, हे कोण मानेल? दुसऱ्या दिवशी आपण दोघी त्याच्या मागावर निघालो. कुणी विचारलं तर स्टेशनाकडे जोंधळे पाखडायचं सूप घ्यायला चाललो असं सांगायचं ठरलं होतं. कुणी विचारलंच नाही, तरी तुम्ही भेटेल त्याला सुपाचं सांगत होतात.

स्टेशनामागे मिरची वाळत घालायच्या पथाऱ्या. दिवसभर तिथे बायका देठं खुडतात, दिवस कलला की घरी जातात. त्या बायकांच्या जागेवर सात-आठ बाप्ये मांडी घालून बसले होते. आपण पोत्यांच्या थप्पीमागे दडलो. तुमचा लेक मान खाली घालून खुडत होता, एक मिरची खुडायला त्याला इतका वेळ लागत होता की तुमचा जीव नुसता तळमळत होता. "देख ना, कसा खुडस," तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "देठ ऱ्हास आन मिरची तुटस!" आणि तेवढ्यात तुम्हाला शिंक आली. एक नाही, सात! मला धरून नऊ. सगळे बाप्ये वळून पाहायला लागले.

असे भेटले आपल्याला उखाभाऊ. पथाऱ्यांचे राखणदार, पिकल्या मिशांचे, एकटे. पूर्वी ते स्वतः गुत्त्यावर पडलेले असायचे हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते उठून म्हणाले, "बसा ना, अक्का. लपाले काय चोरी शे?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांना दारू सोडायची युक्ती चुकून सापडली होती. एकदा संध्याकाळी पोती हलवून, हात न धुता ते तसेच गुत्त्यावर गेले. पेला उचलला, ओठाला लावला आणि ओठांची अशी आग झाली की पेला टाकून नदीकडे पळाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम मिरची खुडली. तिसऱ्या दिवशी एकाला बरोबर बसवलं. पिणाऱ्याची खरी वेळ म्हणजे दिवस कलल्यापासून दिवे लागेपर्यंतची, ते म्हणाले, तेवढी वेळ हात कामात आणि माणूस माणसात राहिला की बाकीचा दिवस ज्याचा तो निभावतो. तुमच्या लेकाला त्यांनी बोलावलंही नव्हतं. पोती मोजून होईपर्यंत थांब, तोवर चार मिरच्या खुड, एवढंच म्हणाले होते.

मी विचारलं, शपथ कुणाची घेता?

सगळे हसले. उखाभाऊ म्हणाले, "शपथ? आठे बठ्ठा जन शपथी मोडेल शेत!" सगळेच शपथा मोडून आलेले, म्हणून शपथ नव्हती. एकच नेम होता. हात इथे धुवायचे नाहीत. भरल्या हातानं सरळ घरी जायचं, आणि घरच्या माणसानं घातलेल्या पाण्यानंच धुवायचे.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आदल्या संध्याकाळची कडी आपल्या दोघींच्या डोळ्यांपुढे आली. घरी येताना तुम्ही सूपही विसरलात. आणि तो दारात आला तेव्हा तुम्ही तांब्या घेऊन आधीच उभ्या होतात. लाजेनं मला रडू आलं आणि तुमचा लेक म्हणाला, "हिलेबी मिरची लागनी!"

गावानं त्यांना शिंकमंडळ म्हणायला सुरुवात केली. बायकी काम करणारे बाप्ये! पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या, काय गं, नवरा आज किती देठं खुडून आला? मी सांगायची, टोपलीभर, तुझा किती पेले खाली करून आला? हळूहळू विचारणं थांबलं, आणि त्यातल्याच एकीनं एका संध्याकाळी आपल्या नवऱ्याला हाताला धरून पथारीवर आणून बसवलं.

आणि तुम्ही! तुम्हाला राहवलंच नाही. आठ दिवसांत तुम्ही त्यांच्यात जाऊन बसायला लागलात. "अशी धर, अशी वाकाड, देठ आपसुक येस," असं म्हणत त्या दांडग्या गड्यांना मिरची खुडायला शिकवलंत. कुणी उशिरा आला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार! कुणी एखाद्या दिवशी आलाच नाही, तर तुम्ही त्याच्या घरी जाऊन हाक मारायचात, आणि तुमची हाक म्हणजे मुडदासुद्धा उठेल अशी. शिंकमंडळाला तुमची गुत्त्यापेक्षा जास्त धास्ती होती. उखाभाऊ म्हणायचे, आता सोडली तर अक्काच्या भीतीनं सोडली असं लोक म्हणतील.

एका संध्याकाळी तुम्ही त्यांना विचारलंत, "तुना हातवर कोन पानी टाकस रे, उखा?" ते मिरच्याच खुडत राहिले. त्यांचं कुणी नव्हतं. दारूपायी होतं ते सगळं गेलं होतं. "आजपाइन मना दारवर येजो," एवढंच तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून आपल्या दारात दोघांचे हात पुढे यायचे. तुम्ही एकच तांब्या दोघांत वाटून घालायचात आणि दोघांना सारखंच रागवायचात.

मला वाटलं, झालं, सुटलो! कुठलं काय. चैत्र गेला, मिरची संपली. पथाऱ्या रिकाम्या झाल्या. आणि आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गावभर झोके बांधलेले, माहेरवाशिणी गाणी म्हणताहेत, तुमचा लेक पिऊन आला.

या वेळी कडी कुणीच लावली नाही. तो आपणच बाहेर बसला. मी चुलीपुढे बसून रडले. चार महिने, आत्याबाई! चार महिन्यांत मी बांगड्या भरल्या होत्या, हसायला लागले होते, आणि सगळं पाण्यात गेलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपार टळली आणि दारात उखाभाऊ. मागे सगळं शिंकमंडळ. एकाच्या खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं. कालबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आपल्या ओट्यावर पोतं ओतलं आणि फोडायला बसले. तुमचा लेक तोंड लपवून आत बसला होता. उखाभाऊंनी नुसतं मोठ्यानं म्हटलं, "मिरची सरनी भाऊ, मानसं थोडीच सरनात?" तो बाहेर आला. त्याला जागा करून दिली. शेंगांनी काही ओठ भाजत नाहीत, पण तोवर कुणाला मिरचीची गरजही राहिली नव्हती. हात मात्र घरीच धुवायचे, हा नेम तसाच राहिला.

त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढलात. ठेचा बघून सगळे हात जोडायला लागले, "अक्का, आते मिरची नको!" किती हसलो आपण!

गेल्या वर्षी कानबाई आली तेव्हा मला वाटलं, आता तरी मूठ पडेल. तुमचा लेक स्वतःहून काही म्हणाला नाही, सुपाच्या आसपास उगीच घुटमळत होता. मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "वरीस भरू दे. आखाजी ते आखाजी." पुन्हा पाठ केलीत, पुन्हा पदराआड मुठी, आणि गडू माझ्यापुढे. मला इतका राग आला! तीन महिने कोरडा राहिलेला माणूस, त्याचं तोंड तरी बघायचं. पण तो म्हणाला, "माय बरोबर बोलस." बोलला आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

बैलांवरून आठवलं. दिवाळीनंतर एका संध्याकाळी हा माणूस गाडी तशीच अंगणात सोडून धावत आत आला. मला वाटलं, काय झालं! म्हणतो कसा, "आज बैल उभा ऱ्हायनात नही!" गुत्त्यासमोरून बैल न थांबता सरळ निघून आले होते. तोवर रोज तो खाली उतरून त्यांना ओढून पुढे नेत होता, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही बैलांना गूळपोळी चारलीत आणि कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरलंत. मी पाहिलं होतं.

आणि मग फाल्गुनात तुम्ही गेलात! वर्ष भरायला दोन महिने राहिले असताना! इतक्या हट्टी बाईला दोन महिने थांबता येऊ नये? चार दिवसांचा ताप, आणि आटोपलं. शेवटच्या दिवशीही दिवेलागणीला त्याचे हात पुढे आले तेव्हा तांब्या तुम्हीच मागितलात. अर्धं पाणी अंथरुणावर सांडलं. तो हात धरून बसला होता आणि मी मनात म्हणत होते, आता तरी म्हणा की तुझी मूठ टाकीन. तुम्ही म्हणाला नाहीत.

आखाजी आली, वर्ष भरलं. शिंकमंडळानं तुमच्या लेकाला झोक्यावर बसवून झोका दिला, चाळिशीचा बाप्या! फांदी मोडली, सगळे पडले, कुणाला लागलं नाही.

तर आज सकाळ. आता घरातली मोठी बाई मी. (धाकट्या जाऊबाई माहेरी बाळंतपणाला गेल्यात, जाताना म्हणाल्या, आत्याबाईंचा हात तुमचाच.) देवघरातून तो गडू काढला. चिंचेनं घासला. त्याच्या मध्यावर तो पोचा आहे ना, तुमच्या लेकानं लहानपणी विहिरीच्या काठावर आपटून पाडलेला? दर वर्षी दळायला बसले की माझं बोट त्या पोच्यावर जायचं. गहू नेहमी बरोबर पोच्याला टेकलेले असायचे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, श्रीपत झाल्यापासून तर माप कधी बदललंच नाही.

मी मुठी टाकल्या. मामंजींची सव्वा, भाऊजींची सव्वा, श्रीपतची सव्वा. मग मोठ्यानं म्हणाले, "दगडू." नवऱ्याचं नाव घेतलं, हो! मूठ टाकताना घ्यावंच लागतं, तुमचीच रीत. सव्वा मूठ टाकली आणि गडू हलवून सारखा केला.

माझी खात्री होती की यंदा गहू पोच्याच्या वर जाणार. दोन वर्षं तीन मुठींनी पोचा गाठला होता, यंदा चौथी पडली. पण गहू बरोबर पोच्याला टेकले! ना वर, ना खाली.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. त्याची सव्वा मूठ परत काढून पाहिली. गहू पोच्याच्या बोटभर खाली गेले. कानबाईची क्षमा मागून पुन्हा टाकली, पुन्हा पोच्याला टेकले. हात तर आपला एकाच मापाचा. मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं आणि मी तशीच सुपापुढे बसून राहिले.

तुम्ही मूठ काढलीच नव्हती! नाही का? ज्या दिवशी चार बायकांपुढे त्याला मेला म्हणालात, त्याच दिवशी पाठ फिरवून पदराआड त्याची सव्वा मूठ टाकलीत. दोन्ही वर्षं. आणि तो गडू माझ्यापुढे ठेवलात, वैरीण म्हणवून घेतलंत, माझे आठ दिवसांचे फुगलेले गाल पाहिलेत, आणि एक अक्षर बोलला नाहीत! मी त्या पोच्याला टेकलेले गहू रागानं डोळे फाडून पाहिले होते हो! चार इयत्ता शिकले आणि चार मुठी मला मोजता आल्या नाहीत.

मला माफ करा, आत्याबाई. मी काय बोलले ते परत घेते. हे बोलायला फार उशीर झाला, हे मला समजतं.

मी तुमच्या लेकाला हाक मारली. गडू दाखवला, मूठ काढून दाखवली, टाकून दाखवली. तो किती तरी वेळ पोच्यावर बोट फिरवत बसला. मग हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या, उपरण्यानं पुसतो आणि पुन्हा हसतो. दारात उखाभाऊ उभे होते, त्यांनी विचारलं, "काय व्हयनं रे दगडू?"

तो म्हणाला, "काही नही. डोयामां मिरची गयी."

श्रावणात, आत्याबाई! पथारीवर एक वाळकी मिरची नाही!

आता संध्याकाळ व्हायला आली. ओट्यावर शेंगा फोडल्याचा आवाज सुरू झाला आहे आणि मला तांब्या भरून ठेवायचा आहे. या पत्राचा कागद उद्या रोटाच्या चुलीत घालीन, म्हणजे तो तुमच्यापर्यंत पोचेल. त्याआधी तुम्हाला वचन देते. रोज दिवेलागणीला दारात येतील ते चारही हात माझ्या पाण्यानं धुतले जातील, आणि तिसऱ्या कुणाचे आले तर त्याचेही. त्या वेळेला कडी लागणार नाही. आणि मामंजी गडू तांबटाकडे देऊन ठोकून सरळ करून आणा म्हणताहेत, तो मी कुणालाही देणार नाही. तो पोचा, मी आहे तोवर, तसाच राहील.

तुमच्याच हाताच्या मापाची,
तुमची मास्तरीण